वाचक विचारतात : पाडलेली विमानं मोजतं कोण?

प्रश्न : काका, गणपतीत आरती झाल्यावर आमच्याकडे विमानांवरून जुंपली. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वाचून दाखवलं, की १९६५ मध्ये पाकिस्तानच्या एम. एम. आलमने मिनिटाच्या आत आपली पाच हंटर पाडली. आजोबा म्हणाले, ‘थापा!’ लगेच त्यांनीच सांगितलं, की आपल्या इंद्रलाल रॉयने पहिल्या महायुद्धात दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली. ते मात्र खरं! वर आकाशात साक्षीला कोण असतं? हे आकडे तपासतात कसे?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग. पण परक्याचा आकडा तेवढा खोटा आणि आपला खरा, हे मला मान्य नाही.

जास्तीचा दावा करणारा पायलट खोटारडा असतोच असंही नाही. मी हवाई दलाच्या फोटो सेक्शनमध्ये होतो, इथे ग्वाल्हेरला महाराजपूरच्या तळावरही काही वर्षं काढली. सरावाची लढाई खेळून आलेले पायलट शिडी उतरता उतरताच ‘मारला!’ म्हणायचे. आम्ही गन कॅमेऱ्याची, म्हणजे घोडा दाबला की चित्रण करणाऱ्या विमानातल्या कॅमेऱ्याची, फिल्म धुऊन पडद्यावर लावायचो. बघावं तर पिपर, म्हणजे निशाण्याचा ठिपका, समोरच्याच्या शेपटीमागे नुसत्या हवेत. मग जी वादावादी चालायची, विचारू नकोस. आणि हे कुणी खरी गोळी झाडत नसताना!

खऱ्या लढाईत मारलेल्याकडे बघत राहणारा स्वतः मरतो. गोळ्या लागताना दिसल्या, धूर निघाला, विमान ढगात शिरलं, यापुढचं त्याला दिसतच नाही. धूर तर जीव घेऊन खाली सूर मारणाऱ्या धडधाकट इंजिनाचाही निघतो. शिवाय एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, की तिघेही प्रामाणिकपणे एकेक विमान आपल्या नावावर लिहितात. कॅमेराही घोडा दाबलेला असेपर्यंतच चालतो. त्यात गोळ्या लागलेल्या दिसतात, विमान जमिनीवर आदळलेलं क्वचितच. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. युद्ध संपल्यावर जर्मनांचे नुकसानीचे कागद हाती आले, तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला.

म्हणून तपासणीचा मार्ग शत्रूच्या दप्तरातून जातो. आपल्या दालबाजारातला मुनीम जसा आपल्या वहीतला आकडा समोरच्या पेढीच्या वहीशी ताडून बघतो, तसंच हे काम. तारीख, वेळ, जागा, विमानाचा प्रकार, शेपटीवरचा क्रमांक, पायलटचं काय झालं, हे सगळं जुळवायचं. वेळ जुळवताना भलेभले फसतात. पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पूर्व पाकिस्तानचं अर्धा तास पुढे. एवढ्यात दोन वेगळ्या झटापटींची सरमिसळ होते. त्यात धडपडत घरी पोचलेल्या विमानाचं काय? दुसऱ्या महायुद्धात जर्मन आपल्या विमानाचं नुकसान टक्क्यांत लिहायचे. ६० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की विमान बाद. म्हणजे एखादं विमान तळावर उतरूनही भंगारात गेलेलं असायचं. तो दावा मी तरी खोटा म्हणणार नाही.

आता आजोबांचा इंद्रलाल. दहा ही संख्या ब्रिटिशांच्या अधिकृत नोंदीतली आहे, ६ ते १९ जुलै १९१८ या काळातली. पण त्यातली निम्मी ‘ताबा सुटून खाली गेली’ या सदरात मोडतात, काही दुसऱ्या पायलटांबरोबर वाटून घेतलेली. ब्रिटिश बहुतेक वेळा शत्रूच्या हद्दीत जाऊन लढत, सांगाडा बघायला मिळणार कसा? म्हणून त्यांनी असं सदर ठेवलं. जर्मन आपल्या हद्दीवर लढत. त्यांचा नामांकित लढाऊ पायलट रिश्टहोफेन, त्याची माणसं पडलेल्या विमानाजवळ जाऊन त्याचा क्रमांक उतरवून आणू शकत. म्हणूनच त्याच्या ८० पैकी बहुतेक विमानं ब्रिटिशांच्या नुकसानीच्या नोंदींशी जुळतात. इंद्रलाल २२ जुलैला पडला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. सदर कुठलंही असो, त्याच्या हिमतीत काही कमी होत नाही. फक्त ‘दहा’ म्हणजे दहा सांगाडे असं समजू नये.

भावाच्या आलमलाही हाच न्याय. ७ सप्टेंबर १९६५ च्या सकाळी पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर आपली हंटर गेली आणि पडली, हे खरंच आहे. पण भारतीय नोंदींत आलमच्या खात्यावर घालायला पाच भरत नाहीत. आपलंही सांगतो. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याला आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची तीन सेबर विमानं पाडल्याचं जाहीर झालं. दोन पायलट छत्रीने उतरले आणि आपल्या हाती लागले. त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या दोन विमानांबद्दल कुणालाच शंका नाही. तिसरं मात्र मार खाऊन ढाक्याला परतलं होतं.

शत्रूच्या वहीने आकडा नेहमी घटतोच असंही नाही. १९६५ च्या त्याच ७ सप्टेंबरच्या पहाटे आदमपूरहून आपल्या १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं सरगोध्यावर गेली. स्क्वाड्रन लीडर देवय्या खरं तर राखीव होते, ऐन वेळी एक विमान गळलं म्हणून निघाले. परतले नाहीत. आपल्याकडे नोंद झाली ‘बेपत्ता’. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाकडून मिळालेल्या माहितीवर पुस्तक लिहिलं, त्यात उलगडा झाला : फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाने एका मिस्टेअरला गाठलं, जखमी मिस्टेअर पळण्याऐवजी वळून भिडली आणि तिने ते स्टारफायटर पाडलं. अमजद छत्रीने वाचले. मिस्टेअरही पडली. वेगात एफ-१०४ समोर मिस्टेअर म्हणजे काहीच नाही. मग आपल्या बाजूने, त्या दिवशी कोण परतलं नव्हतं याचा ताळा घालून देवय्यांचं नाव निघालं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दावा करायला माणूसच उरला नव्हता. साक्ष मिळाली ती शत्रूची. भावाला फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करायला सांग.

प्रश्न : २०१९ मध्ये आपल्या ग्वाल्हेरची मिराज बालाकोटला गेली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचं एफ-१६ पडलं की नाही, एकदा स्पष्ट सांगाच.
— एक वाचक, दालबाजार

उत्तर : २७ फेब्रुवारीला आपलं मिग-२१ पडलं, हे दोन्ही देशांना मान्य आहे. एफ-१६ पाडल्याचं भारत सांगतो, पाकिस्तान नाकारतो. आपल्या सैन्यदलांनी २८ फेब्रुवारीला अ‍ॅमराम क्षेपणास्त्राचे तुकडे दाखवले आणि एप्रिलमध्ये हवाई दलाने रडारची चित्रं. पाकिस्तानकडे हे क्षेपणास्त्र फक्त एफ-१६ वरूनच डागतात, म्हणून तुकड्यांवरून एफ-१६ त्या लढाईत होतं एवढं ठरतं. रडारवरून ठिपका नाहीसा झाला, एवढं. पाडाव पक्का म्हणायला सांगाडा हवा, पायलट हवा, नाहीतर त्यांच्या ताफ्याची क्रमांकवार नोंद हवी. यातलं काहीही आज लोकांसमोर नाही, त्यामुळे माझ्याकडून ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही.