‘टक्कर’ की ‘संगम’?

कराडच्या एका शिक्षिकांचा प्रश्न: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर दीर्घिकासमूहांची ‘टक्कर’ लिहावं की ‘संगम’? आणि ‘कृष्णद्रव्य’ (डार्क मॅटर) मुलांना कळेल का?

‘टक्कर’च ठेवा, पण कोणाची ते लिहा. दीर्घिकासमूहात दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे मेळावे, असतात, त्यांच्यामधल्या पोकळीत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो आणि न दिसणारं कृष्णद्रव्य असतं. दोन समूह एकमेकांवर आले की तिघांची गत निरनिराळी होते. सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर अशी टक्कर झालेल्या दोन समूहांच्या जोडीत, बुलेट क्लस्टरमध्ये, दीर्घिका एकमेकींना जवळपास न शिवता आरपार निघून गेल्या. वायू मात्र वायूवर आदळला, तापला आणि मागे रेंगाळला. तुमच्याकडे कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिसळतात. तसा ‘संगम’ म्हणायचाच तर फार तर त्या वायूचा म्हणा.

गंमत पुढेच आहे. साध्या पदार्थाचं बहुतेक वस्तुमान ताऱ्यांत नसून या वायूत असतं. तेव्हा साधा पदार्थच सगळं काही असेल, तर गुरुत्वाकर्षणाचा जोर वायूपाशीच सापडायला हवा. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो, म्हणून मागच्या दीर्घिका ताणलेल्या दिसतात. समूहाच्या पलीकडच्या दीर्घिकांचे आकार किती ताणले गेलेत हे मोजून डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वस्तुमानाचा नकाशा मांडला. जोर निघाला पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी! म्हणजे बरंचसं वस्तुमान न दिसणारं आहे आणि ते आपसांतही फारसं अडत नाही. त्याला ‘टक्कर’ हा शब्द लागूच पडत नाही. ‘आरपार गेलं’ असंच लिहा.

‘कृष्णद्रव्य’ रूढ आहे, बदलू नका. मात्र ‘कृष्णविवर’ ऐकलेली मुलं ते काळंकुट्ट समजतात. विवर प्रकाश गिळतं; हे द्रव्य प्रकाश गिळत नाही, सोडतही नाही. नुसतं ‘अदृश्य’ म्हटलं तर हवाही अदृश्यच. रंगवणाऱ्याकडून ‘कृष्णद्रव’ होऊ नये एवढंही बघा, कारण द्रव म्हणजे पातळ पदार्थ.

सगळ्यात जास्त चुका चित्राखालच्या ओळीत होतात. बुलेट क्लस्टरच्या प्रसिद्ध चित्रातला गुलाबी भाग म्हणजे ‘चंद्रा’ या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले वायूचे क्ष-किरण. निळा भाग कोणी टिपलेला नाही. तो वर सांगितलेला नकाशा, रंग नंतर भरलेला. म्हणून ‘कृष्णद्रव्याचा फोटो’ लिहू नका. ‘निळा: वस्तुमान कुठे आहे त्याचा नकाशा’ एवढं पुरे. आणि ‘कृष्णद्रव्याचा कण सापडला’ असं तर मुळीच नको. तो अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.