बेटावर राहायला जाशील तेव्हा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मालदीवच्या त्या छोट्या बेटावरच्या पर्यावरणपूरक रिसॉर्टमध्ये राहायला जाते आहेस, बरं झालं. आपल्या गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या वडिलोपार्जित जागेत तसंच काही उभं करायचं तुझ्या मनात आहे, तर आधी पाहुणी म्हणून राहून बघणं उत्तम. (खर्चाचा आकडा ऐकून तुझी आई बसली असेल, तिची समजूत मी घालतो.)

खोलीचे फोटो काढण्यात मात्र वेळ घालवू नकोस. बांबूचे स्ट्रॉ आणि 'टॉवेल रोज धुवायला टाकू नका' ही पाटी कुणालाही जमते. पहिल्याच दिवशी मॅनेजरला विचार, पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? प्रवाळाचं बेट, नदी नाही की ओहोळ नाही. पावसाचं पाणी मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. हिशेब असा, की समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक वीत असेल, तर त्या पातळीखाली साधारण 40 वीत असतं. म्हणजे उपसा करून वरची पातळी थोडी जरी उतरवलीस, तरी खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढू लागतं. म्हणून तिथली रिसॉर्टं समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतात. त्याला वीज लागते, आणि ती बरेचदा डिझेलवर. छपरावर सौर पॅनल दिसले तर जनरेटर रोज किती तास चालतो ते विचार. आकडा तोंडावर असलेल्या माणसाशी तासभर बोल. 'आमचं सगळं ग्रीन आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

एकदा स्वयंपाकघराच्या मागेही फिरून ये. ओला कचरा तिथेच जिरवतात की बोटीत भरतात, ते कळेल. मालेजवळ थिलाफुशी आहे. 1992 पासून तिथे कचरा टाकून टाकून उथळ समुद्र बुजवला आणि बेटच तयार झालं.

तिथलं जसंच्या तसं दिवाडीत आणू नकोस. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पागोळ्यांचं पाणी टाकीत घ्यायची सोय आधी कर, खोल्यांचे रंग मागाहून. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघ; श्रावणात काय, सगळ्याच विहिरी गोड. आणि सांडपाणी खाजनाकडे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीकडे, वळवायचं नाही. बांधावर उभी राहून मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नीट बघ. भरतीचं पाणी रेटा देतं तशी फळी मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना मोटर, ना वीज, आणि आत कोरगूट हा खारं सोसणारा भात पिकतो. पाहुण्यांना हे दाखव, स्विमिंग पूल कशाला हवा? तसंही सिमेंटपासून सिलिंडरपर्यंत बरंच काही फेरीबोटीनेच आणावं लागेल, तेव्हा चारपेक्षा जास्त खोल्या काढू नकोस.

परत आलीस की एखाद्या रविवारी फोंड्याला ये. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणि सर्व्हे प्लॅन बरोबर आण. कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव लागलं आहे का, ते आधी बघू. जागेचा जो तुकडा खाजनात मोडतो, तिथे 2011 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनेच बांधकामाला मनाई केली होती. त्या तुकड्यावर कॉटेज काढलेला नकाशा घेऊन येऊ नकोस.

तुझा,
काका