वाचकांचे प्रश्न : कामावर सायकलने

प्रश्न : माझे वय 46 आहे. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. कार्यालय 7 किलोमीटरवर असल्यामुळे मागील महिन्यात गिअरची सायकल घेऊन कामावर जाऊ लागलो. परंतु चौथ्याच दिवशी गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागले, पोहोचेपर्यंत कपडे घामाने भिजत आणि मागून येणाऱ्या वाहनांच्या धास्तीने मी रस्त्याच्या अगदी कडेने जात असे. या वयात हा नाद सोडावा का?

उत्तर : कृपया सोडू नका. आपल्या तीन तक्रारींपैकी एकीचेही मूळ वयात दिसत नाही.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत एवढ्या उंचीवर सीट ठेवण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि त्या उंचीवर प्रत्येक फेऱ्याला गुडघा प्रमाणाबाहेर दुमडून नेमका त्याच स्थितीत त्याच्यावर जोर येतो. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, पेडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय तेव्हा सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर चवडा असतो, त्यामुळे गुडघ्यात हवा तेवढा किंचित बाक आपोआप राहतो. एवढ्या उंच सीटवर बसल्या बसल्या पाय नीट टेकणार नाहीत, म्हणून थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकवण्याची सवय करावी लागेल. पुढे गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखू लागले, तर सीट जरा जास्तच वर गेली असे समजावे.

गिअरविषयीही एक गैरसमज आढळतो. जड गिअरवर जोर लावून पाय मारणे म्हणजे चांगला व्यायाम, असे अनेकांना वाटते. गुडघ्याच्या दृष्टीने मात्र हलक्या गिअरवर मिनिटाला 70 ते 80 फेरे मारणे कितीतरी बरे. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा. दुखणे थांबेपर्यंत सायकल बंद ठेवावी, आणि हे बदल करूनही ते परतल्यास डॉक्टरांना दाखवावे.

घामाचे कारण बहुतांशी घाई हे आहे. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटर वेगाने आपले अंतर 28 मिनिटांत संपते. त्यासाठी 40 मिनिटे हाताशी ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेग थोडा उतरवला तरी श्रम पुष्कळ कमी होतात. शेवटचा किलोमीटर रमतगमत जा, पाठीवरची पिशवी कॅरिअरवर बांधा आणि एक सदरा कार्यालयात ठेवा.

रस्त्याच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन : कडेला चिकटून जाणे सुरक्षित नाही. तसे केल्याने मागचा वाहनचालक अपुऱ्या जागेतून पुढे घुसू पाहतो आणि खड्डा चुकवायला आपल्याजवळ जागाच उरत नाही. कडेपासून थोडे आत राहून सरळ रेषेत जावे. उभ्या वाहनांपासून सुमारे 1 मीटर अंतर ठेवावे, कारण त्यांचा दरवाजा कधीही उघडू शकतो. चौकात ट्रक किंवा बस ज्या बाजूला वळणार असेल त्या बाजूने तिच्या शेजारी कधीही शिरू नये, कारण तेथे आपण चालकाला दिसत नाही. मुख्य रस्त्याऐवजी शांत गल्ल्यांचा मार्ग किलोमीटरभर लांब पडला तरी तोच पत्करावा, असे माझे स्पष्ट मत आहे; सुट्टीच्या दिवशी सकाळी तो एकदा पाहून यावा. हेल्मेट आणि अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवसांनी करा. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे, आणि जाऊन-येऊन तासभर धरला तर आपली 180 मिनिटे तेवढ्यातच भरतात.

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे आणि मला सायकल मुळीच येत नाही. आता शिकून कामावर जाता येईल का?

उत्तर : निश्चित येईल, मात्र मागून कोणी सीट धरून धावण्याची पद्धत प्रौढांना सोयीची नसते. दोन्ही पेडल काढून टाका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. तळवे पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि मोकळ्या सपाट जागेत पायांनी जमीन ढकलत पुढे सरका. कार्ल ड्राइस यांनी 1817 साली चालवून दाखवलेल्या दुचाकीलाही पेडल नव्हते, कारण तोल सांभाळण्यास त्याची गरजच नसते. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल हलकेच वळवले की चाके पुन्हा आपल्या भाराखाली येतात, आणि हे शरीराला उमजणे म्हणजेच सायकल येणे. पाय उचलून दहा-पंधरा मीटर सहज जाता येऊ लागले की पेडल बसवा व सीट हळूहळू वर न्या. नजर चाकाकडे नको, पुढे असावी, आणि ब्रेक दोन्ही एकदम, हळुवार दाबावेत.

हँडल न डगमगता मान वळवून मागे पाहणे आणि एका हाताने वळण्याची खूण करणे, या दोन्ही गोष्टी मोकळ्या जागेत सहज जमेपर्यंत वाहत्या रस्त्यावर जाऊ नका.