वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या विमानाचा रंग

या अंकासाठी आलेली काही पत्रे एकाच विषयावरची आहेत : स्वतःच्या हातांनी बांधलेल्या छोट्या विमानाला कोणता रंग द्यावा आणि तो अंगावर कसा मांडावा. उत्तरे एकत्र छापत असलो, तरी प्रत्येकाचे विमान वेगळ्या साहित्याचे आहे. त्यामुळे दुसऱ्याला दिलेला सल्ला कोणी आपल्या विमानाला जसाच्या तसा लावू नये.

प्रश्न : माझे दोन आसनांचे विमान फायबरग्लास आणि फोमचे आहे, पुढे कॅनार्ड (नाकाजवळचा छोटा आडवा पंख) आणि मागे प्रोपेलर अशी त्याची रचना आहे. सगळे विमान गडद निळे आणि त्यावर सोनेरी मेटॅलिक पट्टे, असे माझ्या मनात आहे. आराखड्यासोबतच्या पुस्तिकेत मात्र पांढऱ्याशिवाय दुसरा रंग देऊ नये असे लिहिले आहे. पुस्तिका बरीच जुनी आहे. आजच्या चांगल्या प्रतीच्या रंगांनाही ही सूचना लागू होते का?

उत्तर : होते. ती सूचना रंगाच्या प्रतीविषयी नाहीच. ती ऊन आणि फायबरग्लासचे कापड जखडून ठेवणारे इपॉक्सी रेझिन यांच्याविषयी आहे, आणि या दोहोंत काही बदल झालेला नाही. साध्या खोलीच्या तापमानाला कडक होऊ दिलेले इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. भर दुपारी, वारा पडलेला असताना, उघड्यावर उभ्या केलेल्या विमानाचा गडद पृष्ठभाग ८० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. पांढरा पृष्ठभाग त्याच उन्हात पुष्कळ थंड राहतो. पंखाच्या पोटातला पॉलिस्टायरीन फोमही उष्णता सोसणारा नाही. विमान जागेवर उभे असताना पंखावर भार थोडा असतो, म्हणून धोका चटकन ध्यानात येत नाही. पण तासभर तापलेले विमान तसेच धावपट्टीवर नेऊन उडवले, तर वाऱ्याने कातडे गार होण्याआधीच त्याच्यावर उड्डाणाचा पूर्ण भार येतो. याच रचनेचे, अमेरिकी विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचे व्हेरी-इझी १९७५ साली आणि लाँग-इझी १९७९ साली प्रथम उडाले. या घराण्यातली विमाने पांढरी दिसतात त्यामागे हौस नाही, हे कारण आहे. १९५७ साली उडालेल्या ‘फिनिक्स’ या पहिल्या फायबरग्लास ग्लायडरपासून आजपर्यंतची बहुतेक ग्लायडरे पांढरी असण्याचे एक मोठे कारणही हेच.

गडद चकचकीत रंगाचा आणखी एक तोटा बांधणाऱ्याला फार लागतो. उन्हात तापून रेझिन आणखी थोडे आटले की खालच्या कापडाची वीण पृष्ठभागावर उमटू लागते, आणि महिनोन्महिने घासून आरशासारखे केलेले काम वर्षभरात जाळीदार दिसू लागते. पांढऱ्यावर हा दोष जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

निळा रंग अजिबात सोडून द्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. विंगलेटवरचा (पंखाच्या टोकाच्या उभ्या भागावरचा) अरुंद पट्टा, चाकांची आवरणे, धडाच्या उभ्या बाजूंवरची अक्षरे, अशा लहान आणि उन्हाला सरळ सामोऱ्या न जाणाऱ्या जागी तो शोभेल. तरीही पुस्तिका त्या जागेबद्दल नाही म्हणत असेल, तर तिचे ऐकावे. पंखाच्या आणि कॅनार्डच्या वरच्या बाजूला तो नकोच. शंका असल्यास उरलेल्या लॅमिनेटच्या (रेझिनने जोडलेल्या कापडाच्या थरांच्या) एका तुकड्यावर निळा आणि दुसऱ्यावर पांढरा रंग देऊन दोन्ही दुपारभर उन्हात ठेवावेत आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावेत. दोन आकडे शेजारी लिहिले की बहुतेकांचा वाद तिथेच मिटतो.

सोनेरी पट्ट्यांविषयी दोन गोष्टी. मेटॅलिक रंगात धातूची बारीक चूर असते आणि आपल्या प्रकारच्या विमानांत रेडिओचे अँटेना पुष्कळदा तांब्याच्या पट्टीचे, विंगलेटच्या कातड्याखाली दडवलेले असतात. त्यांच्यावर असा रंग देऊ नये. दुसरी गोष्ट कॅनार्डची. पट्ट्याची कड म्हणजे रंगाची एक सूक्ष्म पायरीच असते, आणि ती पुढच्या कडेजवळ पंखाच्या टोकापर्यंत आडवी गेली तर हवेचा गुळगुळीत प्रवाह तिथेच मोडू शकतो. व्हेरी-इझीच्या मूळ कॅनार्डची उचल पावसाच्या थेंबांनीसुद्धा कमी होत असे, हे आपणांस ठाऊक असेल. म्हणून तिथे पट्टा हवाच असेल तर तो उड्डाणाच्या दिशेने, पुढून मागे जाणारा असावा, आणि त्याची कड घासून सपाट करावी.

प्रश्न : ब्रिटिश हवाई दलाने आपली प्रशिक्षण विमाने काळी केली, कारण काळे विमान आकाशात सर्वांत लवकर दिसते, असे वाचले. मग आम्ही पांढरा रंग देऊन स्वतःला लपवतो आहोत का?

उत्तर : वाचलेले खरे आहे. १९९० च्या दशकात त्या दलाने हॉक आणि टुकानो ही प्रशिक्षण विमाने चकचकीत काळी केली, आणि ती चांगली दिसावीत हाच त्यामागचा हेतू होता. काही किलोमीटरवरून विमानाचा रंग ओळखू येत नाही. दिसतो तो पार्श्वभूमीपेक्षा गडद किंवा फिका असलेला एक ठिपका. उजळ आकाशावर गडद ठिपका उठून दिसतो आणि धुरकट हवेत किंवा ढगासमोर पांढरा ठिपका विरघळतो. मात्र तेच विमान वरून, शेतांच्या किंवा झाडीच्या पार्श्वभूमीवर पाहिले, तर चित्र उलटते : पांढरे आणि पिवळे चटकन सापडते, काळे हरवते.

यातून मार्ग निघतो तो असा. धातूच्या किंवा कापडी विमानाला वरून फिका आणि खालून गडद रंग देता येतो, कारण खालून पाहणाऱ्याला मागे आकाश असते आणि वरून पाहणाऱ्याला जमीन. रेझिनच्या विमानात आधीच्या उत्तरातली मर्यादा पाळून, जिथे पुस्तिकेची हरकत नसेल तिथे, नाक आणि पंखांची टोके तांबडी करता येतात. ग्लायडरांवर हे पुष्कळदा दिसते. फ्लोरोसंट रंग जमिनीवरच्या पार्श्वभूमीवर उत्तम दिसतो, पण उन्हात लवकर विटतो. रंग कोणताही निवडला तरी तो मोठ्या सलग क्षेत्रात द्यावा. चार रंगांच्या लहान तुकड्यांनी विमानाची बाह्यरेषा मोडते, आणि सैन्यदले विमान लपवण्यासाठी नेमके हेच करतात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रंगाने सुटत नाही. टक्करीच्या मार्गावर असलेले विमान आपल्या काचेत एकाच जागी स्थिर राहते आणि समोरून त्याचा आकार अगदी लहान असतो. तिथे उपयोगी पडतो तो चालू ठेवलेला लँडिंग लाइट, आणि अर्थातच सतत फिरणारी नजर.

प्रश्न : माझे विमान ॲल्युमिनियमचे, शेपटीखाली चाक असलेले आहे. नाकापासून शेपटीपर्यंत एक पट्टा काढायचा आहे. कागदावर तो सुंदर दिसतो, पण विमानावर टेप लावून पाहिला तर वाकडा वाटतो. चूक कुठे होत असावी?

उत्तर : बहुधा विमान उभे असते त्या स्थितीत. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून बसते; त्या स्थितीत जमिनीला समांतर काढलेली रेघ, शेपूट उचलली की नाकाकडे उतरती होते आणि उडणारे विमान सतत खाली झेपावत असल्यासारखे दिसते. शेपटीखाली घोडी लावून विमान उड्डाणाच्या स्थितीत आणावे, आतल्या लाँगेरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्टीवर) पाणसळ ठेवून ते समतल झाल्याची खात्री करावी, आणि मगच टेप लावावी. पट्टा उभ्या विमानासाठी आखावा की उडणाऱ्या, याबद्दल मतभेद आहेत. माझा कौल उडणाऱ्या विमानाला आहे.

तरीही तो थोडा वाकडा दिसेल. धड मागे निमुळते होत जाते आणि त्याच्या बाजूंना गोलाई असते, त्यामुळे लेझरने अचूक काढलेली सरळ रेघही तिरक्या कोनातून कमानीसारखी भासते. शेवटची दुरुस्ती डोळ्यानेच करावी लागते : टेप लावावी, वीसेक पावले दूर जावे, विमानाभोवती एक फेरी मारावी, परत येऊन टेप बोटभर हलवावी. पट्ट्याची रुंदी शेवटपर्यंत एकच ठेवली तर शेपटीकडे तो जड दिसतो. धड जसे निमुळते होते तसा पट्टाही निमुळता करावा. रिव्हेटच्या ओळीच्या किंवा पत्र्याच्या सांध्याच्या जेमतेम बाजूने जाणारी कड फार खटकते. ती कड एक तर त्या ओळीवरच असावी, नाही तर तिच्यापासून स्पष्ट दूर. काउलिंग (इंजिनावरचे झाकण) जिथे धडाला मिळते तिथे काउलिंग प्रत्यक्ष बसवून, सगळे स्क्रू आवळूनच रेघ काढावी.

कागदावरचा आराखडा फसवतो, कारण तो बाजूने काढलेला असतो आणि विमानाकडे ठीक बाजूने कोणी क्वचितच पाहते. मैदानावर ते पुढून आणि किंचित तिरके दिसते. म्हणून पट्टा स्पिनरजवळ (प्रोपेलरच्या मध्यावरच्या टोपीजवळ) कसा सुरू होतो याचा विचार आधी करावा, शेपटीवर तो कसा संपतो याचा नंतर. पायपर जे-३ कबची पिवळ्या अंगावरची एकच काळी, विजेसारखी मोडलेली रेघ कित्येक दशकांनंतरही जुनी वाटत नाही, ती याच संयमामुळे. मूळ रंग एक, जोडीला फार तर दोन, यापुढे गेलेली विमाने मला तरी रंगाच्या दुकानातल्या नमुन्याच्या तक्त्यासारखी दिसतात. विंडशील्डच्या पुढचा काउलिंगचा माथा मात्र मंद, न चमकणाऱ्या गडद रंगाचा ठेवावा; उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली नाही म्हणजे उतरताना त्याचे मोल कळते.

प्रश्न : रंगारी म्हणतो की एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) आणि एलिव्हेटर (शेपटीची तशीच आडवी फळी) मी आधीच तोलून बसवले आहेत, तर रंगाच्या चार ग्रॅमने काही बिघडत नाही. त्याचे खरे मानावे का?

उत्तर : मानू नये. हिशेब सोपा आहे. दोन आसनांच्या छोट्या विमानाचा रंगवायचा पृष्ठभाग ४० चौरस मीटरच्या आसपास धरला आणि वाळलेल्या रंगाचा थर, प्रायमरसह, मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर विमानावर ४ लिटर घन रंग चढतो. त्याचे वजन साधारण साडेपाच किलो भरते. बेस कोटवर क्लिअर कोट दिला आणि हात थोडा सैल सुटला, तर थर आणि वजन दोन्ही सहज दुप्पट होतात. चमकदार पिवळा आणि तांबडा हे रंग खालचा पृष्ठभाग नीट झाकत नाहीत, म्हणून त्यांचे हात जास्त द्यावे लागतात. खाली पांढरा थर दिला तर काही हात वाचतात.

एलरॉनचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग बिजागरीच्या मागे असतो आणि तोल साधणारे शिसे तिच्या पुढे, अगदी थोड्या अंतरावर असते. बिजागरीमागे सरासरी १० सेंटिमीटरवर ५० ग्रॅम रंग चढला आणि शिसे अडीच सेंटिमीटर पुढे असेल, तर ५० ग्रॅमच्या भरपाईला २०० ग्रॅम शिसे लागते. हा तोल बिघडला की विशिष्ट वेगाला फ्लटर, म्हणजे पृष्ठभागाची आपोआप वाढत जाणारी थरथर, सुरू होऊ शकतो, आणि फ्लटर पृष्ठभाग तोडायला काही सेकंदच घेतो. रंग पूर्ण वाळल्यावर प्रत्येक नियंत्रण पृष्ठभाग काढून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा तोलावा. नंतर कधी डागडुजीसाठी त्यावर पुटी आणि रंग चढवला, तरी हेच करावे.

संपूर्ण विमानही पुन्हा वजनकाट्यावर घ्यावे. गुरुत्वमध्याच्या ४ मीटर मागे १ किलो रंग चढला, तर ४५० किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य जवळजवळ ९ मिलिमीटर मागे सरकतो. मागची मर्यादा आधीच जवळ असेल, तर शेपटीवर नक्षी नको.

प्रश्न : पहिल्या उड्डाणाआधी रंग द्यावा की नंतर? आणि नोंदणीची अक्षरे शेवटी कुठेतरी बसवली तर चालतील का?

उत्तर : ॲल्युमिनियमचे विमान असेल तर नंतर. चाचणीच्या उड्डाणांत काउलिंगची तोंडे बदलतात, एखादा ट्रिम टॅब (तोल साधणारी छोटी पट्टी) वाढतो, चाकांची आवरणे पुन्हा बसवावी लागतात, आणि रंगवलेल्या विमानावर ही कामे करायला हात धजावत नाही. कापडी विमानाला मात्र ॲल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर, किंवा त्या पद्धतीत सांगितलेला अतिनील किरणे अडवणारा थर, दिल्याशिवाय उन्हात ठेवू नये. पॉलिस्टरचे कापड त्या किरणांनी कमकुवत होते. फायबरग्लासलाही निदान तसा प्रायमर आधी हवा.

नोंदणीची अक्षरे शेवटी बसवण्याची गोष्ट नव्हे. पट्टा आखण्याआधी त्यांची जागा ठरवावी. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या शिकागो कराराच्या सातव्या परिशिष्टानुसार धडावर किंवा उभ्या शेपटीवर अक्षरांची उंची किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर असते. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश आणि रेघेची जाडी एक षष्ठांश. काही देश घरी बांधलेल्या विमानांना सवलत देतात, जसे अमेरिकेत १८० नॉटपर्यंत क्रूझ वेग असलेल्या अशा विमानाला ३ इंची अक्षरे चालतात. आपल्याला लागू असलेला नियम आधी वाचावा, कारण ३० सेंटिमीटरची अक्षरे अरुंद धडावर पट्ट्याला हमखास छेदतात. अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांत स्पष्ट फरक हवा. रुपेरीवर करडी अक्षरे देखणी दिसतात, पण तपासणीत अडतात. व्हिनाइलची अक्षरे चालतात. त्यांची पुढची कड वाऱ्याने उचलू नये म्हणून ती विंडशील्ड किंवा प्रोपेलरच्या झोतापासून जितकी मागे नेता येतील तितकी न्यावीत, आणि रंग पूर्ण मुरल्याखेरीज चिकटवू नयेत.