ओढणीचं टोक

प्रश्न : मी ऐरोलीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे जेवणं, बसणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून लोकांना मदत करते. दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे नेपाळच्या अनाथाश्रमात सेवेला जाऊ का?

उत्तर : ताई, तुमची तळमळ कळते. २०१५च्या भूकंपानंतर मीही काठमांडूला गेले होते. एक चिमुरडी पहिल्याच दिवशी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसली. निघताना ती मूठ सोडवणं मला फार जड गेलं. अशी येणारी-जाणारी माणसं मुलांना पुन्हा पुन्हा पोरकं करतात. त्यातून, तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात! अशा स्वयंसेवेतून होणारी हानी रोखा, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१९मध्ये सांगितलं. जायचंच तर तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांना शिकवा : घास कसा भरवायचा, मुलाला पाठीला आधार देऊन कसं बसवायचं. पुढे ऐरोलीहून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या अडचणी ऐका.