पिशवीतली काळी खडी

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला 78 टक्के होते, अकरावीला 56 वर आला. दोडामार्ग तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची सहा एकर काजूची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी त्या डोंगरावर सर्वेक्षणाचं पथक येऊन तंबू ठोकून राहिलं. सोनं शोधायला आले होते, असं सगळा गाव म्हणतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा त्यांच्याकडे बारा दिवस मजुरीला गेला. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या हातातली आजोबांची अंगठी काढायला लावली. मुलगा सांगतो, ते लोक क्रशरवरची काळी खडी आणून पिशवीत भरत आणि डोंगरावरच्या मातीच्या पिशव्यांच्या क्रमातलाच नंबर तिच्यावर घालत. उघड लबाडी आहे, तरी हा त्यांचीच बाजू घेतो. काय सापडलं विचारलं तर म्हणतो, "बाबा, ते सोना शोधनत नाय, नंबर जुळवतत." महत्त्वाकांक्षा नावाला नाही. मी त्याला जिऑलॉजिस्ट करायचं ठरवलं आहे. डोंगरात काय आहे ते उद्या आपल्याच माणसाला कळेल. एक एजंट ऑस्ट्रेलियात प्रवेश करून देतो म्हणतो. बाग गहाण टाकून 38 लाख उभे करतो आहे, 25 हजार भरलेत. कोणता कोर्स घ्यावा?
— एक पालक, दोडामार्ग

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्यातला गाभा तेवढा दिला. चार पानांत डोंगराचं वर्णन आहे, घळीतल्या पांढऱ्या गारेच्या दगडाचं आहे, एजंटच्या ऑफिसातल्या एसीचंही आहे. मुलाच्या तोंडचं वाक्य एकच, आणि तेही त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दिलेलं. त्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडकलो आहे.

आधी अंगठी. तुम्हाला तो अपमान वाटला, आपल्या पोराला चोर समजले असं वाटलं. सोनार अंगठी कसोटीच्या दगडावर घासतो तेव्हा पिवळी रेघ उठते ना? ती रेघ म्हणजे सोनंच. आता डोंगरावरच्या मातीतलं सोनं कोणत्या मापाने मोजतात ते ऐका : एका टनाला किती मिलिग्रॅम. टनाला दहा-वीस मिलिग्रॅम आलं तरी ती जागा नकाशावर रंगवतात आणि पुन्हा बघायला जातात. प्रयोगशाळेत त्या नमुन्याची तीस ते पन्नास ग्रॅम भुकटी शिशाच्या संयुगाबरोबर मुशीत वितळवतात. सोनं शिशात उतरतं, मग शिसं वेगळं काढून मागे टाचणीच्या टोकाहून बारीक मणी उरतो. इतक्या बारीक हिशोबात बावीस कॅरेटची अंगठी घातलेला हात गोटे चाळत फिरला, तर ज्या घळीत काही नाही तिथे सोनं 'सापडेल'. त्या पथकातल्या मुख्य माणसानेही आपली लग्नातली अंगठी काढून ठेवली असणार. मुलाला विचारा, त्याने नक्की पाहिलं असेल.

आता काळी खडी. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज हा आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. तुम्ही काजूबी विकायला जाता तेव्हा पोतं ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघता. बघत नसाल तर व्यापारी तुम्हाला दरवर्षी नाडत असणार! ती खडी म्हणजे रिकामा काटा. तिच्यात सोनं नाही हे पथकाला आधीपासून माहीत असतं. बाकीच्या पिशव्यांच्या रांगेतलाच नंबर देऊन ती गुपचूप प्रयोगशाळेत पाठवतात. तिथून खडीत सोनं आहे असा निकाल आला, तर आधीच्या नमुन्याची धूळ यंत्रात राहिली, पिशव्यांची अदलाबदल झाली किंवा कुणाचा हात मध्ये आला असं समजायचं. मग ती सगळी तुकडी पुन्हा तपासायची. तसंच, सोनं किती आहे हे आधीच ठाऊक असलेल्या भुकटीची एक लहान पुडीही रांगेत सोडतात, आणि एकाच जागचे दोन नमुने वेगवेगळ्या नंबरांनी पाठवतात. साधारण वीस नमुन्यांत एखादा असा परीक्षेचा असतो. म्हणून रात्री तंबूत कंदील लावून नंबर जुळवायचे. एक नंबर चुकला की पुढचा नकाशा चुकला.

हे सगळं त्या पथकातल्या कुणी मजुरीवर आलेल्या पोराला बसवून शिकवलं असेल असं मला वाटत नाही. बारा दिवस पिशव्या वाहता वाहता त्याने ते हेरलं. अख्खा गाव सोनं सोनं करत होता तेव्हा तुमचा मुलगा तुम्हाला नेमकं सांगत होता की ही माणसं नंबर जुळवतात. यात महत्त्वाकांक्षा नाही म्हणता? मी या विषयात एम. एस्सी. केलं, चार वर्षं फील्डवर काढली, मग गुडघ्यांनी आणि स्वभावाने दगा दिला म्हणून समुपदेशनाकडे वळलो. रिकाम्या नमुन्याची गरज मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नीट कळली, तीही साहेबांच्या शिव्या खाऊन.

त्याच काळात आम्ही एका टेकडीवर तीन हंगाम घालवले. वाट नव्हती, पाणी खालून डोक्यावरून यायचं. माती गोळा केली, चर खणले, तीन बोअर मारले. अहवालाचं शेवटचं वाक्य माझ्याकडून लिहून घेतलं : या क्षेत्रात पुढील कामाची शिफारस नाही. या धंद्यात बहुतेक टेकड्यांचं शेवटचं वाक्य हेच असतं. दूरच्या, आडबाजूच्या जागी तर जास्तच. जो माणूस हे वाक्य सरळ हाताने लिहू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या टेकडीकडे निघू शकतो, त्यानेच या शाखेत जावं.

माझी भीती इथेच आहे. बाग गहाण टाकून, 38 लाखांचं ओझं देऊन तुम्ही ज्या मुलाला पाठवणार, त्याला 'नाही' लिहिता येईल का? बापाची जमीन व्याजात अडकली आहे आणि समोरच्या कागदावर शून्य आलं आहे, अशा माणसाच्या हातून काय होतं त्याचा दाखला जगाने पाहिला आहे. इंडोनेशियात, बोर्नियोच्या जंगलात बुसांग नावाची जागा. ब्रे-एक्स ही कॅनडातली कंपनी. तिने तिथे जगातला एक मोठा सोन्याचा साठा मिळाल्याचं जाहीर केलं आणि शेअर गगनाला भिडला. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांडीचे उभे दोन भाग करायचे, एक तपासायला द्यायचा आणि दुसरा पेटीत जपून ठेवायचा, ही या कामातली रीत. तिथे अख्खी कांडी दळून टाकत, म्हणजे मागाहून कुणी पडताळू नये. आणि भुकटीत मिसळलेले सोन्याचे कण गोलसर होते, नदीत घासून गुळगुळीत झालेले. खडकातून ताजं निघालेलं सोनं तसं नसतं. मार्च 1997 मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच बोअर मारले तर काही हाती लागलं नाही. मे महिन्यात तटस्थ तपासणीत सगळं खोटं ठरलं. मधल्या काळात तिथला मुख्य भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. तुमचा मुलगा असं काही करेल असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'सोनं निघालंच पाहिजे' हे वाक्य घरातून घेऊन या कामाला जाऊ नये. तुम्ही ते त्याच्या खिशात आत्ताच घातलं आहे.

तुमच्या डोंगराबद्दल मी इथे बसून काही बोलणार नाही. रत्नागिरीकडे काळ्या बसाल्टची जाड चादर आहे, ती दक्षिणेकडे पातळ होत जाते आणि सिंधुदुर्गात खालचे फार जुने खडक वर दिसू लागतात. रेडीचं लोखंड त्यातलंच. कर्नाटकातल्या कोलार, हट्टीच्या सोन्याच्या खाणी ज्यांत आहेत त्या धारवाडी खडकांचं हे दूरचं गोत्र. म्हणून लोक येतात, माती नेतात. गोत्र एक असलं म्हणून घर श्रीमंत असतं असं नाही. घळीतली पांढरी गार चमकते ती बहुधा तिच्यातल्या अभ्रकामुळे किंवा लोह-गंधकाच्या पिवळ्या खनिजामुळे. त्या चमकत्या कणावर हातोडीचा घाव घाला. चुरा झाला तर सोनं नव्हे, सोनं चपटं होतं. टनाला पाच ग्रॅम असलेला दगडही खाणीला चांगला म्हणतात आणि त्यात डोळ्याला बहुधा काही दिसत नाही. एका तोळ्यासाठी असा दोन टनांहून जास्त दगड फोडावा लागतो. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि 28 फेब्रुवारी 2001 ला बंद पडली. तळाशी सोनं तेव्हाही होतं, काढायचा खर्च परवडेना.

आणि समजा निघालंच. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणून ते तुम्हाला खणता येणार नाही. 1957 च्या खाण कायद्याप्रमाणे त्याला सरकारी पट्टा लागतो, आणि 2015 पासून असे पट्टे लिलावाने जातात. तुम्हाला जमिनीच्या वापराची भरपाई मिळेल, आणि ती घ्यायलासुद्धा बाग तुमची उरलेली असावी लागेल. वर आपल्या भागात इकोसेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक, हा शब्द लहान पोराला ठाऊक आहे, तो तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. 'आपलाच माणूस' आत असला की काही कळेल, हाही भ्रम सोडा. तो चांगला भूवैज्ञानिक झाला तर तुम्हाला एक अक्षर सांगणार नाही, तसं सांगणं त्याच्या नोकरीत गुन्हा ठरेल.

ऑस्ट्रेलियाबद्दल एकच सांगतो : पदवीसाठी जायची काही गरज नाही. तिथे सोन्याच्या खाणी आहेत हे खरं, पण सोन्याचा भाव पडला की तिथेही सगळ्यात आधी शोधकामाचं बजेट कापतात आणि तरुण पोरं घरी बसतात. पुढे एम. एस्सी. झाल्यावर शिष्यवृत्ती घेऊन जावंसं वाटलं तर जाऊ दे, तेव्हा तुमची बाग लागणार नाही. एजंट जे कॉलेज दाखवतो आहे त्याचं नाव तुमच्या चार पानांत कुठेच नाही, एसीचा मात्र उल्लेख आहे, यावरून काय ते समजा.

मार्ग नेहमीचाच आहे : बारावी सायन्स, मग गोव्यात मडगाव किंवा पणजीला, नाहीतर मुंबई-पुण्याला बी. एस्सी. जिऑलॉजी, पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम. एस्सी., आणि सरकारी नोकरी हवी तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. खाण कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर सोन्यासह 29 खनिजांच्या शोधाचे परवाने खासगी कंपन्यांनाही मिळू लागले आहेत, त्यामुळे तिकडेही थोडी दारं उघडतील. 56 टक्क्यांचं फार मनावर घेऊ नका. गणित आणि रसायनशास्त्र मात्र सुधारायला हवं, त्याशिवाय पुढे गाडी हलणार नाही.

पण त्याला जिऑलॉजीच आवडते का, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. त्याला दगड आवडले असतील, किंवा दगडांशी काही देणंघेणं नसून ती रात्रीची जुळवाजुळव आवडली असेल. दुसरी गोष्ट खरी असेल तर संख्याशास्त्र, रासायनिक विश्लेषण, अगदी औषध कंपनीतली गुणवत्ता तपासणीसुद्धा त्याला मानवेल. आणि दगडच आवडले असतील तरी सोन्याच्या पलीकडे कोकणात भूवैज्ञानिकाला काम कमी नाही. पावसात न्हाऊन निघणारा कातळ मे महिन्यात टँकरची वाट बघतो. पाणी कुठे मुरतं आणि कुठे निसटतं हे भूजल सर्वेक्षणाची माणसं शोधतात. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, दोन वर्षांनी इर्शाळवाडीवर. कोणती वाडी कुठल्या उतारावर बसली आहे याचे नकाशे करायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे, 1851 पासूनची संस्था. तिथेही शून्य सरळ लिहिणारी माणसं हवी असतात. या उतारावर राहू नका, हे वाक्य गावाला ऐकवणं सोपं नसतं.

तेव्हा तूर्त कोर्स ठरवू नका, आणि गहाणखताची सही तर करूच नका. एका रविवारी त्याला त्या घळीत घेऊन जा. प्रश्न एकच विचारा, त्या बारा दिवसांत रोज काय काय केलं. मग गप्प बसा, त्याला मध्ये तोडू नका. सोन्याचं नाव तुम्ही काढायचं नाही, त्याने काढलं तर ठीक. आजोबांची अंगठी त्याला परत घालायला द्या. पत्रावरून वाटतं, तेव्हापासून ती तुमच्याच कपाटात आहे.

घरी आल्यावर त्याला मला एक पान लिहायला सांगा, मालवणीत लिहिलं तरी चालेल. तुम्ही ते वाचून दुरुस्त करू नका. त्याच पाकिटात एजंटला दिलेल्या 25 हजारांच्या पावतीची झेरॉक्स घाला. पावती दिलीच नसेल तर तसं लिहा, आणि कोणत्या तारखेला, कुणाच्या हातात पैसे दिले तेही.