शेजारच्या कॉलेजात एखादा पेपर केला तर त्याचे क्रेडिट आपल्या मार्कशीटवर येतात का?

तू ठाण्यात एस.वाय.बी.एस्सी.ला आहेस, तुमच्याकडे स्टॅटिस्टिक्स नाही आणि जवळच्या दुसऱ्या कॉलेजात आहे, तर तिथे बसून केलेला पेपर धरतात का, असं तू विचारलंयस. धरतात. पण आधी कागद आणि मग वर्ग, उलटं केलंस तर सेमिस्टरची मेहनत अडकून बसेल.

मी नवी मुंबईत डिग्री कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच शिकवते आणि दोन वर्षं आम्ही ठाण्यातल्या एका कॉलेजाबरोबर असा पेपर चालवतोय, म्हणून हे अनुभवाने सांगते.

नियम तुझ्या बाजूचे आहेत. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (एबीसी, म्हणजे क्रेडिट जमा ठेवायचं खातं) नियम काढले, त्यानुसार निम्मे क्रेडिट तरी जिथून डिग्री घेणार तिथले लागतात, बाकीचे दुसरीकडून आणता येतात आणि खात्यात जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात. डिजिलॉकरवरून एबीसी आयडी काढला नसशील तर आजच काढ. एक गोष्ट मुलांना माहीतच नसते, ती म्हणजे क्रेडिट आपले आपण भरता येत नाहीत, संस्थेकडूनच चढवावे लागतात.

आणि अडतं ते इथेच. पहिल्या वर्षी ठाण्याहून दोन मुली आल्या, अख्खं सेमिस्टर शनिवारी ट्रान्स-हार्बरने वाशीपर्यंत येऊन बसल्या, परीक्षा दिली, छान पास झाल्या, आम्ही मार्क पाठवले, आणि तिकडे त्या पेपरचा कोर्स कोडच कुणी तयार केला नव्हता कारण सगळं दोन सरांच्या फोनवर ठरलं होतं. त्यातली एक मुलगी निकालानंतर स्टाफरूममध्ये मार्कशीट घेऊन आली, ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे आपल्या विषयाबाहेरच्या ऐच्छिक पेपरची ओळ कोरी होती, त्यावर बोट ठेवून ती नुसती उभी राहिली. तिला पुढच्या सेमला जादा पेपर घ्यावा लागला. ती चूक आम्हा शिक्षकांची होती, तिची अजिबात नाही, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून आधी दोन्ही कॉलेजांत एमओयू, म्हणजे लेखी सामंजस्य करार आहे का ते विचार, नसेल तर निदान तुझ्या प्राचार्यांचं सहीशिक्क्याचं परवानगीपत्र घे, त्यात पेपरचं नाव, किती क्रेडिट, तुमच्याकडे तो कशाच्या जागी धरणार आणि परीक्षा कोण घेणार हे चारही स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. दोन्ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न असतील तर सोपं जातं, एखादं स्वायत्त असेल तर सिलॅबस आणि परीक्षा त्यांची असते, तेव्हा हे जास्तच काटेकोर बघ.

टाइमटेबलचं म्हणशील तर थिअरीचे 15 तास म्हणजे 1 क्रेडिट, म्हणजे 2 क्रेडिटचा पेपर 30 तासांचा, तो आठवड्यातून एकदा दोन तास असा 15 आठवड्यांत बसतो. आम्ही शनिवार धरला तो त्यासाठीच, रोज ये-जा करायला लावलं असतं तर कुणी आलंच नसतं.

प्राचार्य का-कू करतील, तर त्यामागे बहुतेक वर्कलोडची भीती असते. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास शिकवणं लागतं, मुलं बाहेर गेली तर तास कमी होतील आणि पद जाईल असं वाटतं, आणि ज्याच्या पोटावर येतं त्याला ते वाटणारच. पण आमच्याकडे नेमकं उलटं झालं, त्या पेपरला आमची नऊच मुलं होती, तो बंदच करणार होते, ठाण्याची पाच आली आणि चौदा मुलांवर पेपर वाचला, आणि आता त्यांच्याकडे जर्मन आहे त्याला आमची मुलं जातात. दक्षिण मुंबईत 2019 ला एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज या चार सरकारी कॉलेजांचं मिळून होमी भाभा स्टेट युनिव्हर्सिटी झालं, तिथे विद्यापीठच एक, म्हणजे कॉलेजं एकत्र येऊ शकतात. आपल्याकडे ठाणे-वाशी पट्ट्यात एवढी कॉलेजं एका लोकलवर आहेत, तरी प्रत्येकाला स्वतःचा सगळा संसार वेगळा मांडायचा असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी, सुट्टीतच, तिकडच्या स्टॅटच्या मॅडम-सरांना जाऊन भेट. लहान विभागाच्या शिक्षकाला एक विद्यार्थी वाढतोय म्हटल्यावर तो स्वतः ऑफिसात तुझ्याबरोबर येईल, मी तर जातेच.